आई-वडिलांना कॉइट टॉवर दाखवायला नेताना: निघण्याआधीची तयारी

सॅन फ्रान्सिस्कोच्या टेलिग्राफ हिलवर १९३३ मध्ये पूर्ण झालेला कॉइट टॉवर सुमारे ६४ मीटर उंच आहे. ज्या टेकडीवर तो उभा आहे तीही फार मोठी नाही, त्यामुळे पायथ्याच्या नॉर्थ बीच वस्तीपासून चालत जाऊन मनोरा पाहून परत येणे दोन-अडीच तासांत आरामात होते. फेरी इतकी छोटी असल्यामुळेच तिची तयारी करावी असे कोणाच्या मनात येत नाही, आणि भारतातून उन्हाळ्यात आलेल्या ज्येष्ठांना तिथे नेणाऱ्या कुटुंबांची गडबड नेमकी इथेच होते. पाणी, औषधे, चार्ज केलेला फोन आणि पायात चपलेऐवजी बूट या गोष्टी कोणालाही सुचतात. त्या घ्याव्यात आणि पुढे जावे.

स्वेटर मात्र सांगावाच लागेल. प्रत्येकाचा स्वतंत्र स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जाकीट आणि ज्येष्ठांसाठी कानटोपी किंवा मफलर हवा. फ्रीमाँट किंवा सनीव्हेलसारख्या आतल्या, उबदार गावांहून जुलैत निघताना अंगाला घाम येत असतो, त्यामुळे आई हमखास म्हणते, ‘एवढ्या उकाड्यात स्वेटर कशाला?’, आणि आपणही मान डोलावतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत समुद्राचे पाणी उन्हाळ्यातही थंड असते. आतल्या खोऱ्यातली हवा तापून वर गेली की समुद्रावरची ती गार, धुक्याने भरलेली हवा गोल्डन गेट सामुद्रधुनीच्या फटीतून आत ओढली जाते. म्हणजे खोऱ्यात ऊन जितके कडक, तितका टेकडीवर वारा बोचरा. सनीव्हेलची हवा पाहून सॅन फ्रान्सिस्कोचे कपडे ठरवू नयेत. मागच्या खेपेला आमच्याकडून हेच राहिले आणि तिकीट काढून वर गेलेले सासू-सासरे पाच मिनिटांत खाली उतरले. स्वेटर गाडीत ठेवणे म्हणजे स्वेटर घेणे नव्हे, कारण गाडी खाली असते आणि थंडी वर.

गाडीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. माथ्यावरचा वाहनतळ अगदी लहान असून सुट्टीच्या दिवशी तिथे जागा मिळण्यासाठी रांगेत खोळंबावे लागते, म्हणून गाडी खाली सशुल्क वाहनतळावर लावावी किंवा सरळ बार्ट रेल्वेने यावे. या शहरात काचा फोडून गाडीतल्या पिशव्या पळवण्याचे प्रकार होतात. पाहुण्यांचे पासपोर्ट कोणत्याही परिस्थितीत गाडीत ठेवू नयेत. ते घरीच असलेले बरे. गाडीत दिसेल असे काहीही नको.

चढण्याची वाट आदल्या दिवशीच गुडघ्यांचा विचार करून ठरवावी. नॉर्थ बीचमधल्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेपासून फिल्बर्ट रस्त्याने वर येणारी वाट छोटी पण खडी आहे. पूर्वेकडच्या फिल्बर्ट पायऱ्या बागांमधून जातात आणि फार सुंदर आहेत, पण त्या शेकडो आहेत. अनेकजण ज्येष्ठांना बसने वर नेतात आणि उतार सोपा समजून पायऱ्यांनी खाली आणतात. दुखऱ्या गुडघ्यांवर उतरतानाच जास्त भार येतो, त्यामुळे ही योजना करू नये. गुडघे कुरकुरत असतील तर मुनीच्या, म्हणजे शहर वाहतुकीच्या, ३९ क्रमांकाच्या बसने जावे आणि तिनेच परतावे. शिवाय मनोऱ्यातली लिफ्ट अगदी टोकापर्यंत जात नाही. ती थांबल्यावर पस्तीस-चाळीस पायऱ्यांचा जिना पायांनीच चढावा लागतो, आणि ही गोष्ट तिकीट काढण्यापूर्वी आई-वडिलांना स्पष्ट सांगितली पाहिजे. स्वच्छतागृहाचे काम खाली नॉर्थ बीचमध्येच उरकून घ्यावे.

ज्यांना जिना झेपणार नाही त्यांचीही फेरी फुकट जात नाही, कारण तळमजल्यावरची भित्तिचित्रे पाहायला तिकीट लागत नाही आणि माझ्या मते वरच्या देखाव्यापेक्षा त्यांनाच जास्त वेळ द्यावा. महामंदीच्या काळात, १९३४ मध्ये, सरकारी योजनेतून पंचवीसएक चित्रकारांना इथे काम मिळाले. त्यांतल्या काहींनी प्रसिद्ध मेक्सिकन भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेराच्या हाताखाली काम केले होते. चित्रांत डाव्या विचारांच्या खुणा दिसल्यामुळे वाद झाला, मनोरा लोकांसाठी उघडणे लांबले आणि एका चित्रातला विळा-हातोडा पुसला गेला. व्हिक्टर आर्नोटॉफच्या शहरी जीवनाच्या चित्रात भर रस्त्यात एका माणसाला लुटले जात असताना बाजूची गर्दी आपापल्या वाटेने चालली आहे, आणि वर्तमानपत्रांच्या दुकानाशी चित्रकार स्वतः उभा आहे. बर्नार्ड झाकहाइमच्या ग्रंथालयाच्या चित्रात एक माणूस एका हाताने वर्तमानपत्र चुरगाळत दुसरा हात मार्क्सच्या ग्रंथाकडे नेतो आहे. या दोन जागा दाखवून दिल्याशिवाय पाहुण्यांना पुढे नेऊ नये. बहुतेक चित्रे ओल्या गिलाव्यावर रंगवलेली असून वाट अरुंद आहे, त्यामुळे पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी आणि भिंतीला टेकू नये.

वेळ साधारण अकरा ते दोनची धरावी. उन्हाळ्यात सकाळचे धुके त्या सुमारास बऱ्याचदा मागे सरते आणि दुपार कलली की वाऱ्यासह परत येते. वर चढण्याआधी मनोऱ्याचे टोक खालून दिसते आहे का ते पाहावे. दिसत नसेल तर वरूनही काही दिसणार नाही, तेव्हा तिकिटाची घाई करू नये. सवड असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा, कारण तेव्हा हवा जास्त स्वच्छ आणि उबदार असते. तेव्हाही स्वेटर घ्यावा.

वर गेल्यावर डोक्यावर छत नाही हे लक्षात ठेवून जाकिटाची चेन जिन्यातच लावून घ्यावी. वायव्येला गोल्डन गेट पूल, उत्तरेला अल्काट्राझ बेट, पूर्वेला बे ब्रिज आणि दक्षिणेला ट्रान्सअमेरिकाची टोकदार इमारत, या क्रमाने एक फेरी पुरते. वडिलांचा लांबचा चष्मा खिशात हवा. फोटो आधी सगळ्यांचा मिळून काढावा, कारण थंडी वाजू लागली की कोणी थांबत नाही. ज्यांनी स्वेटर घातला आहे तेच थांबतात.

उतरताना घाई नको. पायऱ्यांनी जात असाल तर तिथे लोकांची घरे आहेत, आवाज बेताचा ठेवावा; झाडांवर हिरव्या पोपटांचा थवा दिसण्याची शक्यता असते. जेवण नॉर्थ बीचमध्ये. शाकाहारी असल्याचे आधी सांगावे. परतीच्या शेवटच्या बसची वेळ वर चढण्यापूर्वीच थांब्यावर पाहून घ्यावी.