आंबिया निघतोय: खोक्याची भोकं कुठं पाडायची ते आधी ठरवा

दसरा झाला की काटोल, नरखेड, कळमेश्वरकडून संत्र्याच्या गाड्या नागपूरकडे निघतात. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या झाडांचा, हा माल आता डिसेंबरपर्यंत चालेल. नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात अजूनही बराच माल खुलाच येतो. गाडीच्या डाल्यात (मागच्या हौद्यात) तणस म्हणजे वाळलेला पेंढा, वर संत्र्याचा ढीग, त्यावर ताडपत्री. घरून निघून दोन तासांत लिलावाला लागणाऱ्या मालाला हे चालून जातं. पण बांगलादेशानं आयात शुल्क चढवल्यापासून तिकडची वाट महागली आहे आणि दिल्ली-कोलकात्याकडे स्वतः माल पाठवून पाहू म्हणणारे बागायतदार वाढलेत. हे दोन्ही बाजार इथून हजार किलोमीटरच्या वर. तिथं खुला ढीग पाठवणं म्हणजे खालचा माल वरच्या मालाची गादी करणं.

म्हणून खोके. दिवाळीच्या तोंडावर खोकेवाल्याकडे गर्दी होते आणि मग जे तयार असेल ते उचलावं लागतं. ऑर्डर द्यायच्या आधी पुढचं वाचा.

तोडणीबद्दल दोनच शब्द, कारण खोका कितीही चांगला असला तरी तोडतानाची जखम त्यात बरी होत नाही. फळ ओढू नका, कात्रीनं कापा आणि देठाची टिकली फळावर राहू द्या. टिकली निघाली की त्या जागेतून सड आत शिरते. देठ लांबही नको, तो शेजारच्या फळात घुसतो. सकाळी फळावर दव असताना किंवा पाऊस येऊन गेल्यावर लगेच तोडू नका. त्या वेळी साल पाण्यानं तट्ट फुगलेली असते. बोट जरा जोरात लागलं तरी सालीतलं तेल बाहेर येतं आणि दुसऱ्या दिवशी तिथं तपकिरी डाग उमटतो. ऊन वर आल्यावर तोडा, माल सावलीत पसरा आणि शक्य असेल तर एक रात्र तसाच राहू देऊन मग भरा. साल किंचित नरम पडली की ती खोक्यात मार सोसते.

आता खोका.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते. हातानं सोलता येतो म्हणून लोक त्याचं कौतुक करतात, आणि वाहतुकीत नडतं तेही हेच. मोसंबीची साल गराला घट्ट धरून असते, ती दाब बराच झेलते. संत्रा दबला तरी वरून गोल दिसतो. आत मात्र फोड फुटलेली असते. रस बाहेर आला की हिरवी बुरशी लागते, आणि त्या एका फळावरच्या बुरशीची पूड शेजारच्या दहा फळांवर बसते. त्यामुळे आपल्या मालासाठी पहिला नियम असा की वरच्या खोक्याचं वजन खालच्या खोक्याच्या भिंतींवर गेलं पाहिजे, फळावर कधीच नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी खोक्याचा नकाशा स्वतःच काढला. हवा भरपूर हवी म्हणून लांब बाजूला मोठी गोल भोकं ठेवली, त्यातली दोन अगदी कोपऱ्याला लागून. कोपऱ्याला का, तर मधल्या जागेत मला संत्र्याचं चित्र छापायचं होतं. चित्र छान आलं. आठ-आठची थप्पी लावून गाडी रवाना केली. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला, "भाऊ, खालची रांग पुरी बसली ना जी." फोटो पाहिला तर प्रत्येक खोका बरोबर कोपऱ्यातल्या भोकातून दुमडला होता. खोकेवाल्याचा काही दोष नव्हता, मी सांगितलं तसंच त्यानं केलं होतं.

पुठ्ठ्याच्या खोक्यावर वजन पडलं की त्यातला मोठा वाटा चार कोपरे उचलतात. बाजूच्या भिंतीचा मधला भाग त्या मानानं मोकळा असतो, भोकं तिथंच हवीत. कोपऱ्यापासून निदान 5 सेंटीमीटर जागा कोरी सोडा. गोल भोकापेक्षा उभी फट बरी. पुठ्ठ्याचा एक तुकडा फाडून पाहा, आत लाटांच्या नळ्या दिसतील. खोका ठेवल्यावर या नळ्या उभ्या यायला हव्यात, मांडवाच्या खांबांसारख्या. अरुंद उभी फट मोजक्याच नळ्या कापते. तेवढ्याच मापाचं गोल किंवा आडवं भोक जास्त खांब तोडतं. नमुना हातात आला की छपाई पाहण्याआधी नळ्यांची दिशा तपासा. पुठ्ठा कमी लागावा म्हणून आडव्या नळ्यांचा खोका कापून देणारेही भेटतात.

भोकं किती? बाजूच्या क्षेत्रफळाच्या साधारण 5 टक्के. त्याहून फार कमी असतील तर आतली उष्णता निघत नाही, फार जास्त असतील तर भिंत ढिली पडते. आणि लहान लहान वीस छिद्रांपेक्षा मोजक्या मोठ्या फटी चांगल्या, कारण बारीक छिद्रावर एक फळ टेकलं की ते बंद.

मी आता वापरतो तो खोका 50 सेंटीमीटर लांब, 30 रुंद आणि 20 उंच आहे. लांब बाजू 50 गुणिले 20, म्हणजे 1000 चौरस सेंटीमीटर. त्याचे 5 टक्के 50. एक फट 1.3 सेंटीमीटर रुंद आणि 8 सेंटीमीटर उंच धरली तर तिचं क्षेत्र 10 च्या थोडं वर, म्हणजे पाच फटी पुरल्या. एका कडेपासून 7, 16, 25, 34 आणि 43 सेंटीमीटरवर त्यांचे मध्य. दोन्ही टोकांकडून माप सारखंच येतं, त्यामुळे खोका फिरवून ठेवला तरी शेजारच्या खोक्याची फट समोरासमोर येते. आखूड बाजूला 9 बाय 3 सेंटीमीटरचं हाताचं भोक ठेवलं की तिथलं काम जवळपास भागतं. तेही वरच्या कडेला चिकटवू नका, उचलताना फाटतं. तळाला आणि झाकणाला दोन-तीन फटी हव्यातच, विशेषतः माल रेफर म्हणजे थंड हवेच्या कंटेनरनं जाणार असेल तर. त्या कंटेनरमध्ये थंड हवा सहसा तळाकडून वर चढते. तळ बंद असला तर भाडं रेफरचं आणि फळ उकाड्यात.

फटी समोरासमोर येणं ही गोष्ट बरेच जण सोडून देतात. एकटा खोका टेबलावर हवेशीर दिसतो. गाडीत त्याच्या चारही बाजूंना दुसरे खोके असतात आणि शेजाऱ्याची कोरी भिंत आपल्या फटीवर आली की ती फट नसल्यासारखीच. तेव्हा नमुना एक मागवू नका, सहा मागवा, थप्पी लावा आणि एका टोकाला मोबाईलचा टॉर्च धरून दुसऱ्या टोकाकडून पाहा. उजेड आरपार आला तर हवा जाईल.

उंची 20 सेंटीमीटर का? मध्यम संत्रा साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास असतो, म्हणजे तीन थर बसतात. 30 उंचीच्या खोक्यात चार-साडेचार थर होतात आणि तळच्या फळावर ओझं वाढतं. खोक्यामागे खर्च वाचतो हे खरं, पण सैल सालीच्या मालाला मी तरी उंच खोका देणार नाही. तीन थरांत शंभरच्या आसपास फळं आणि 12-13 किलो वजन येतं. हमालही असा खोका नीट ठेवतो. जड खोका तो टाकतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

50 बाय 30 घेण्याला आणखी एक कारण. मोठ्या पॅकहाऊसमधले पॅलेट (ज्यावर खोके रचतात त्या फळ्यांच्या चौकटी) बहुधा 1200 बाय 1000 मिलिमीटरचे असतात. त्यावर एका थरात बरोबर आठ खोके बसतात, सगळे एकाच दिशेनं. हे बाहेरचं माप आहे, आतलं नाही. खोकेवाल्याशी बोलताना आधी हेच स्पष्ट करा. पॅलेट नसेल, नुसता पिकअप असेल, तर टेप घेऊन डाल्याची आतली लांबी-रुंदी मोजा आणि किती रांगा येतात ते कागदावर मांडा. उरलेल्या वीतभर जागेत खोके नाचतात, ती जागा तणसाच्या पेंढ्यांनी भरावी लागते.

ताकदीचा हिशोबही अवघड नाही. आठची थप्पी असेल तर तळच्या खोक्यावर सात खोके. भरलेला खोका साडेतेरा किलोचा धरला तर 95 किलो. एवढंच सोसणारा खोका घेतला तर तो वाटेत बसणार, कारण गाडी हादरते, प्रवास दोन-तीन दिवसांचा असतो आणि पुठ्ठा ओलावा पितो. हवेतला ओलावा 90 टक्क्यांवर गेला की पुठ्ठ्याची ताकद कोरड्या हवेतल्या निम्म्यावर येते, आणि भरलेल्या खोक्यात फळाचा स्वतःचा ओलावा असतोच. म्हणून चौपट धरा: 380 किलो. "कॉम्प्रेशन (दाब सोसण्याची ताकद) 380 किलोच्या वर हवं, चाचणीचा कागद दाखवा," असं खोकेवाल्याला सांगा. लांबच्या वाटेला थ्री प्लायवर (तीन पदरी पुठ्ठ्यावर) भागवू नका, फाइव्ह प्लाय (पाच पदरी) घ्या. कागद मिळत नसेल तर घरीच पाहा. खोका भरा, ओली पोती टांगलेल्या खोलीत रात्रभर ठेवा, सकाळी त्यावर सात खोक्यांचं वजन चढवून दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच राहू द्या. पोट बाहेर आलं तर तो खोका परत करा.

भरतानाच्या चुका मात्र आपल्या घरच्या. सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे रद्दी. फळाला लागू नये म्हणून बाया मायेनं तळाला आणि चारी बाजूंनी वर्तमानपत्र लावतात, आणि पैसे देऊन पाडलेल्या सगळ्या फटी त्याखाली झाकल्या जातात. कागद लावायचाच तर थरांच्या मध्ये लावा, तोही भोकं पाडून. दुसरी चूक शिगोशीग भरणं. फळ कडेच्या वर आलं की झाकणाचा दाब थेट त्यावर. थर हलकेच हलवून बसवा आणि वरच्या कडेखाली बोटभर जागा ठेवा, त्याहून जास्त नको. ढिल्या खोक्यात वरचा थर वाटभर गरगरत राहतो आणि सालीला घासे पडतात. एका खोक्यात एकाच आकाराचा माल. चुरी म्हणजे अगदी लहान फळं वेगळी काढा, मोठ्या फळांच्या फटीत ती घुसवू नका.

थप्पी लावताना खोक्यावर खोका, कोपऱ्यावर कोपरा. विटांसारखी सांधेमोड रचना पक्की वाटते, पण तिच्यात वरच्याचा कोपरा खालच्याच्या मधल्या भिंतीवर येतो आणि थप्पीची जवळपास निम्मी ताकद जाते. हमालाला सवय विटेच्या रचनेची असते, त्यामुळे पहिल्या दोन रांगा स्वतः उभं राहून लावून घ्या. थप्पी हलू नये म्हणून फक्त सगळ्यात वरचा थर आडवा चालेल, आणि पट्टी किंवा दोर बांधताना कोपऱ्यावर पुठ्ठ्याचा जाड तुकडा द्या. खोका पॅलेटच्या किंवा फळीच्या बाहेर इंचभर लटकला तरी त्याची एक तृतीयांशाच्या आसपास ताकद कमी होते, कारण कोपरे हवेत राहतात.

ऑक्टोबरची दुपार आपल्याकडे काय असते ते सांगायला नको. भरलेली गाडी उन्हात उभी करू नका, संध्याकाळी भरा आणि रात्री काढा. ताडपत्री थेट खोक्यांवर पसरू नका. खाली बांबू टाकून हातभर पोकळी ठेवा आणि पुढची-मागची बाजू थोडी उघडी ठेवा, म्हणजे गाडी चालली की वारा आतून जातो. अवकाळीचं सावट असेल तर पुढची बाजू झाकावीच लागेल, मग निदान मागून मोकळं ठेवा.

प्लॅस्टिकचे कॅरेट बागेतून पॅकिंगच्या जागेपर्यंत उत्तम, रोजच्या कळमन्याच्या फेरीलाही. ओलाव्यानं ते बसत नाहीत. लांबच्या बाजारातून ते परत येतील याची खात्री नसेल तर मात्र महागात पडतात. जुने कॅरेट आतून धारदार होतात. जुनी नायलॉनची साडी हाताला गुंडाळून आतून फिरवा. धागा जिथं अडकेल तिथं सालही कापेल, ती जागा घासून घ्या. हंगामाच्या सुरुवातीला आणि सड दिसली की लगेच कॅरेट धुवा: 10 लिटर पाण्यात 6-7 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, मग साधं पाणी आणि ऊन. मागच्या मालाची बुरशी याच कॅरेटांतून नव्या मालावर येते. पुठ्ठ्याच्या थप्पीवर कॅरेट चढवू नका.

काही दिवस भावाची वाट पाहायची असेल तर शीतगृहात संत्र्याला 6 ते 7 अंश तापमान आणि 90 टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो. फार खाली गेलात तर सालीला थंडीचा मार बसतो. इथं पुठ्ठ्याचा कस पुन्हा लागतो, म्हणून आठची थप्पी पाच-सहावर आणा आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडा. बाहेर काढल्यावर थंड फळाला घाम सुटतो. तो सुकेपर्यंत खोके सावलीत, वाऱ्यावर ठेवा, मगच गाडीत.

पहिली गाडी पोचली की अडत्याकडून फोटो मागवा, वरच्या खोक्याचा नको, तो नेहमीच छान दिसतो. तळच्या रांगेतला, शक्यतो डाल्याच्या मधला एक खोका उघडून त्याच्या तळच्या थराचा फोटो पाठवायला सांगा. पुढच्या पाचशे खोक्यांची ऑर्डर तो पाहूनच द्या.