प्रॉक्समॉक्स सर्व्हरवरील एसएसडी मंद पडल्यास दोष कसा शोधावा

प्रॉक्समॉक्स व्हीई (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) बसवलेल्या सर्व्हरवर एसएसडी असूनही व्हीएम, म्हणजे हे आभासी संगणक, अडखळू लागल्या की, बहुतेक जण व्हीएमच्या आत वेग मोजणारा एखादा प्रोग्राम चालवतात आणि सेकंदाला ५०० एमबी असा आकडा पाहून बुचकळ्यात पडतात. हा आकडा खोटा नसतो, मात्र तो एका मोठ्या फाइलच्या सलग वाचनलेखनाचा असतो. डेटाबेस किंवा मेल सर्व्हर सतत ४ ते १६ केबीचे छोटे तुकडे लिहितो आणि प्रत्येक तुकडा खरोखर ड्राइव्हवर उतरल्याची पोच मिळेपर्यंत पुढे सरकत नाही. मोजायची आहे ती ही पोच मिळायला लागणारी वेळ.

दुखणे स्टोरेजचेच आहे याची खात्री आधी करावी. प्रॉक्समॉक्समधील नोडच्या, म्हणजे त्या सर्व्हरच्या, सारांश पानावर आयओ डिले (स्टोरेजची वाट पाहण्यात जाणारा प्रोसेसरचा वेळ) कितपत चढतो ते पाहावे आणि त्याच वेळी होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, आयओस्टॅट ही ड्राइव्हची आकडेवारी दाखवणारी आज्ञा विस्तारित रूपात, दर सेकंदाला ताजे आकडे येतील असे चालवावे. त्यातील वापराच्या टक्केवारीवर विसंबू नये. एसएसडी एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळत असल्यामुळे १०० टक्के दिसले तरी तिच्यात वाव शिल्लक असू शकतो. महत्त्वाचा रकाना म्हणजे लेखनासाठीची सरासरी प्रतीक्षा. ती एखाद-दुसऱ्या मिलिसेकंदाच्या आसपास असेल आणि तरीही व्हीएम मंद असेल, तर दोष व्हीएम आणि ड्राइव्ह यांच्या मधल्या थरात आहे. ती दहा-वीस मिलिसेकंदांच्या वर राहत असेल, तर ड्राइव्हकडे वळावे. त्रास ठरावीक वेळीच होत असेल तर आधी वेळापत्रक तपासावे. रात्रीचा बॅकअप हे नेहमीचे कारण असतेच, शिवाय प्रॉक्समॉक्स ज्यावर उभे आहे त्या डेबियनच्या झेडएफएस (अनेक ड्राइव्हचा मिळून एक साठा, म्हणजे पूल, करणारी फाइल सिस्टीम) पॅकेजमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी ट्रिम (रिकामी झालेली जागा ड्राइव्हला कळवणे) आणि दुसऱ्या रविवारी स्क्रब (सगळा डेटा वाचून पडताळणे) आपोआप चालण्याची सोय असते.

यानंतर स्मार्टसीटीएल या आज्ञेने ड्राइव्हने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी वाचून तिची प्रकृती पाहावी. एनव्हीएमई ड्राइव्हचे तापमान साधारण ७० ते ८० अंशांपर्यंत गेले की ती स्वतःचा वेग उतरवते, त्यामुळे पंख्याची हवा तिच्यापर्यंत पोहोचते का, हे केस उघडूनच पाहावे. साटा ड्राइव्हच्या १९९ क्रमांकाच्या नोंदीतील सीआरसी त्रुटी वाढत असतील तर केबल बदलावी. कर्नलच्या लॉगमध्ये जोडणी ६ गिगाबिटऐवजी ३ किंवा १.५ गिगाबिटवर उतरलेली दिसली, तर केबल किंवा पोर्ट संशयास्पद समजावा. मध्ये रेड कार्ड (अनेक ड्राइव्ह एकत्र हाताळणारे कार्ड) असेल तर त्याची बॅटरी तपासावी, कारण बॅटरी निकामी झाली की अनेक कार्डे राइट कॅशे (लिहायचा डेटा तात्पुरता ठेवणारी वेगवान मेमरी) बंद करतात आणि लेखनाचा वेग एकदम कोसळतो.

हे सारे ठीक असेल तर निर्णायक चाचणी घ्यावी. एफआयओ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामला ४ केबीचा ब्लॉक, एकच जॉब, एका वेळी एकच विनंती, सिंक लेखन (पोच मिळेपर्यंत थांबणारे लेखन) आणि ६० सेकंदांचा कालावधी द्यावा. चाचणी नेहमी त्या पूलवरील एखाद्या तात्पुरत्या फाइलवर करावी. थेट ड्राइव्हचे नाव दिल्यास तिच्यावरील सर्व डेटा नष्ट होतो. घरगुती वापराच्या एसएसडीवर या चाचणीत सेकंदाला काहीशे ते हजारभर लेखने निघतात, तर सर्व्हरसाठी बनवलेल्या ड्राइव्हवर हाच आकडा दहा हजारांच्या पुढे जातो. फरक आहे कपॅसिटरचा. वीज गेली तरी कॅशेमधील डेटा फ्लॅशवर उतरवण्यापुरती ऊर्जा सर्व्हर ड्राइव्हमध्ये साठवलेली असते, म्हणून डेटा कॅशेत पोहोचताच ती निर्धास्तपणे पोच देते. घरगुती ड्राइव्हला मात्र प्रत्येक वेळी फ्लॅशपर्यंत जावे लागते. झेडएफएस सिंक लेखनाचा शब्द काटेकोरपणे पाळते, त्यामुळे ही उणीव तिथे सर्वाधिक जाणवते.

दुसरी मर्यादा क्यूएलसी, म्हणजे फ्लॅशच्या एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या स्वस्त, ड्राइव्हची. एक टेराबाइटच्या सॅमसंग ८७० क्यूव्हीओमध्ये वेगवान कॅशे ४२ जीबीपर्यंत असते आणि ती भरल्यावर लेखनाचा वेग सेकंदाला ८० एमबीवर येतो, असे कंपनीच्याच तपशिलात दिलेले आहे. व्हीएमचा मोठा बॅकअप परत आणताना सुरुवातीची काही मिनिटे सुरळीत जाऊन पुढे सगळा सर्व्हर ठप्प होत असेल, तर हेच कारण मानावे.

पूल ८० टक्क्यांच्या वर भरलेला नसावा आणि रिकामी झालेली जागा ड्राइव्हला कळत राहावी. त्यासाठी व्हीएमच्या डिस्कवर डिस्कार्ड हा पर्याय चालू करावा, गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, एफएसट्रिम ही आज्ञा आठवड्याला चालते याची खात्री करावी आणि पूलवर झेडपूल ट्रिम द्यावे.

मधल्या थरात दोष असेल तर व्हीएमचा डिस्क कंट्रोलर व्हर्टआयओ स्कझी सिंगल (आभासी संगणकांसाठी बनवलेला वेगवान प्रकार) ठेवून डिस्कच्या कामासाठी वेगळा आयओ थ्रेड चालू करावा. जुन्या विंडोज व्हीएमची डिस्क आयडीई या जुन्या प्रकारच्या जोडणीवर असेल तर ती थेट बदलू नये, कारण ड्रायव्हर नसल्यास विंडोज निळ्या पडद्यावर थांबते. आधी एक जीबीची रिकामी डिस्क स्कझीवर जोडावी, व्हर्टआयओच्या आयएसओमधून ड्रायव्हर बसवावा, ती डिस्क विंडोजला दिसते हे पाहावे आणि मगच मूळ डिस्क हलवून बूटचा क्रम नव्याने लावावा.

झेडएफएसमध्ये सिंक बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याने आकडे खरोखर वाढतात. मात्र वीज गेल्यास लिहून झाल्याची पोच मिळालेला शेवटच्या काही सेकंदांचा डेटा हरवतो, त्यामुळे हिशेबाच्या किंवा रुग्णनोंदींच्या सर्व्हरवर हा उपाय मी कदापि करू देणार नाही. तिथे ड्राइव्ह बदलणे हाच मार्ग आहे. मिरर (दोन ड्राइव्हवर तोच डेटा) असेल तर एकेक ड्राइव्ह झेडपूल रिप्लेस या आज्ञेने बदलावी आणि रिसिल्व्हरिंग, म्हणजे नव्या ड्राइव्हवर डेटा उतरवणे, पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नये. बूट ड्राइव्ह असल्यास आधी विभाजनतक्ता नव्या ड्राइव्हवर उतरवून घ्यावा आणि रिप्लेसनंतर प्रॉक्समॉक्स बूट टूलने तिचे बूट विभाजन तयार करावे. ही पायरी दोन्ही ड्राइव्हच्या बाबतीत राहून गेली तर पूल धडधाकट असूनही सर्व्हर पुढच्या वेळी सुरू होणार नाही.