लेदर जॅकेट पावसाळ्यासाठी तयार करताय? मग या चुका टाळा

साताऱ्यात लख्ख ऊन होतं. बाइकवरून यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत आम्ही ढगात शिरलो आणि कासच्या अलीकडेच बनियन पोटाला चिकटलं. पाठ मात्र कोरडी ठणठणीत! दोन वर्षं मी जॅकेटच्या पाठीवर आणि खांद्यावर तेल चोळत होतो, आणि पाणी आलं ते पुढच्या चेनमधून (झिपमधून), काखेच्या शिवणीतून आणि बाहीच्या टोकातून. त्या दिवशी उमगलं की कातडं आपण उगाच छळत असतो. गळतं ते जोडकामात.

म्हणून मृग लागायच्या आधी, मे महिन्यातच हे काम काढा. पहिला पाऊस पडल्यावर जॅकेट नीट वाळतही नाही आणि लावलेलं काही धड मुरतही नाही.

आधी कातडं आहे का ते बघा

हसू नका. ‘लेदर’ म्हणून घेतलेली बरीच जॅकेटं पीयूची, म्हणजे कापडावर चढवलेल्या प्लास्टिकच्या थराची असतात. आतल्या खिशाजवळ किंवा अस्तराखाली कापलेली कड सापडते का बघा. खरं कातडं कडेला तंतुमय, जरासं केसाळ दिसतं. पीयूच्या मागे कापडाची वीण दिसते. पाणी अडवायला कातड्याला मेण लावतात, पण पीयूत ते मुरत नाही, नुसतं वर बसून राहतं. आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्याचे पापुद्रे एकदा सुटायला लागले की मेणाचा कुठलाच डबा ते थांबवत नाही. अशा जॅकेटवर पैसे घालू नका, रेनकोट घ्या.

खरं कातडं असेल तर खांद्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर कारखान्यातला वरचा थर शाबूत आहे. तिथे मेणाचं फारसं काम नाही, सरळ शिवणींकडे वळा. थेंब मुरून काळपट डाग पडला तरच सगळ्या कातड्याला मेण हवं.

खोबरेल तेल

ही चूक घरोघरी होते, कारण आपण लहानपणापासून कोल्हापुरी चपलेला तेल पाजताना बघितलेलं असतं. पण ते कातडं वनस्पतीच्या सालीवर कमावलेलं, जाड आणि मुळातच तेल पिणारं. बाइकच्या जॅकेटचं कातडं बहुतेक वेळा क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं आणि जेमतेम एक ते दीड मिलिमीटर जाडीचं असतं. त्याला भरपूर तेल पाजलं की ते सैलावतं आणि ताणलं जातं. मग कोपराचं पॅड कोपरावर राहत नाही, आणि पडलात तर नेमक्या त्याच जागी ते हवं असतं. शिवाय खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं आणि जुनं झालं की खवट वास मारतं. माझं जॅकेट दुसऱ्या वर्षी अमावस्येच्या नारळासारखं घमघमत होतं.

मोहरीचं तेल, गाडीचं ग्रीस, बुटाचं पॉलिश यांचीही गत तीच. पॉलिशचा रंग तर पहिल्या सरीतच शर्टच्या कॉलरवर उतरतो.

नुसतं मेण घासणं

आपण मधाच्या मुलखातली माणसं. महाबळेश्वरजवळचं मांघर तर २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. त्यामुळे ‘पोळ्याचं मेण आणून घासलं तर?’ असं कुणीतरी विचारतंच. मेण चांगलंच, पण एकटं नको. शुद्ध मेण कडक असतं. कोपराच्या घडीत ते तडकतं आणि पाणी त्याच भेगेतून आत जातं. लेदरसाठी तयार मिळणाऱ्या मलमांत मेणाबरोबर थोडं तेल किंवा लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी असते, म्हणून ती घडीबरोबर वाकतात.

पोळ्याचं मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळतं. ते गॅसवर थेट तापवू नका, भडका उडतो. आणि उकळतं मेण कातड्यावर ओतलं तर कातडं आकसतं. मलम बोटावर घेतलं की अंगाच्या उबेनेच पुरेसं मऊ होतं. वाटाण्याएवढं घ्यायचं, तळहाताएवढ्या भागावर पसरायचं. रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी सुती फडक्याने जास्तीचं पुसून काढायचं. दोन पातळ हात एका जाड थरापेक्षा केव्हाही बरे. रंग गडद होणारच, म्हणून आधी कॉलरच्या आतल्या बाजूला लावून बघा.

धुळीवर मेण

खंबाटकीतून एकदा ट्रकच्या मागे आलात तरी बाहीवर काजळी बसते. कॉलरला घामाचं मीठ असतंच. त्यावर मेण फासलं तर ती घाण आतच कोंडली जाते आणि कातड्याला घासत राहते. ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसा. फारच मळलं असेल तर सॅडल सोप, म्हणजे कातड्यासाठीचा साबण वापरा. कपड्याची पावडर नको, ती कातड्यातलं तेल ओढून काढते. मग सावलीत एक पूर्ण दिवस वाळवा. खांदे-कोपरांची पॅडं आधी काढून ठेवायला विसरू नका.

शिवण विसरणं

खरी लढाई इथली. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक बारीक नळ असतो. जुना टूथब्रश घ्या, त्यावर मलम लावा आणि खांदा, काख, बाही आणि छातीची प्रत्येक शिवण दोन्ही दिशांनी घासून भरा. आतून टेप लावायचा म्हटलं तर अस्तर उसवावं लागतं; तो उद्योग घरी करू नका. दोरा सुती असेल तर ओलीने कुजतो. राजवाड्याजवळ चपला शिवणाऱ्या एका काकांनी माझ्या बाहीचा दोरा नखाने तोडून दाखवला आणि म्हणाले, ‘आता मेण कशाला लावतोस पोरा, आधी शिवून घे.’ पॉलिस्टरच्या दोऱ्याने पुन्हा शिवून घेतलं, तेव्हा कुठे गळती अर्ध्यावर आली.

चेनच्या दातांवरून मेणबत्ती फिरवा; पाणी थोडं अडतं आणि चेनही सुरळीत चालते. पण गाडी साठच्या वेगात असताना समोरून येणारं पाणी चेनमधून थोडंफार घुसणारच. चेनच्या मागे कातड्याची पट्टी असेल तर ती घडी न पडता नीट बसवा.

एक जागा कुणी बघत नाही: अस्तर. बाहीच्या टोकाला किंवा कमरेपाशी ते थोडं बाहेर लोंबत असेल, तर दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतं. बाहेरून थेंब आत गेलेला नसतो आणि कोपरापर्यंत ओल असते! ते आत वळवून शिवून घ्या. हातमोज्याची कडही बाहीच्या आत ठेवा, नाहीतर खांद्यावरून ओघळलेलं पाणी थेट हातमोज्यात जमतं.

बारीक भोकांच्या जॅकेटच्या वाटेला जाऊ नका. मेणाने भोकं बुजतात, उन्हाळ्यात जीव जातो, आणि पाणी अडत नाही ते नाहीच. स्वेड, म्हणजे लवदार कातडं असेल किंवा काखेत ताणणारं कापड असेल तर तिथे मलम नको, पाणी अडवणारा स्प्रे चालतो. तो उघड्यावर मारा, वारा पाठीशी घेऊन. त्याचे तुषार फुफ्फुसांना वाईट असतात आणि गॅसजवळ पेटही घेतात.

मेण लावल्यावर काही बिघडलंच तर

हात लावला की चिकट लागतं: मेण जास्त झालं. हेअर ड्रायर मंद ठेवून लांबून ऊब द्या आणि कोरड्या फडक्याने पुसा.

पांढरी झाक आली: ऊब दिल्यावर नाहीशी झाली तर ते मेण वर आलेलं. ठिपक्याठिपक्यांनी आली आणि कोंदट वास येत असेल तर बुरशी. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ओलसर फडक्याने अंगणात पुसा, घरात नाही. आधी लपलेल्या कोपऱ्यात करून बघा. मग सावलीत वाळवा.

तेलाचे काळे डाग पडले: आठवडाभरात थोडे पसरून फिके होतात. नाही झाले तर ते राहणार, मनाला लावून घेऊ नका.

भिजल्यावरची घाई

भिजलेलं जॅकेट चुलीपुढे, हीटरवर किंवा तापलेल्या सायलेन्सरजवळ वाळवलं तर एका संध्याकाळीत पापडासारखं होतं. ओलं कातडं कोरड्यापेक्षा खूप कमी उष्णतेला आकसतं आणि ते परत पूर्वीसारखं होत नाही. रुंद खांद्याच्या हँगरला लावा, बाह्यांत वर्तमानपत्र कोंबा, पंखा सोडा. जुलैत दोन-तीन दिवस लागतात, लागू द्या. वाळल्यावर लेदर कंडिशनरचा हलका हात फिरवा, कारण वाळताना कातड्यातलं तेलही कमी होतं. कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जुन्या चादरीचा अभ्रा शिवून घाला.

हे सगळं केलं तरी मेढ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला चाललात आणि पाऊस तासभर थांबला नाही, तर कातडं शेवटी पाणी पिणारच. डिकीत एक ढगळ रेनकोट असू द्या, जॅकेटवरून चढेल असा, भडक पिवळा किंवा नारिंगी. धुक्यात काळं जॅकेट मागच्या एसटीवाल्याला दिसत नाही.