दक्षिण इंग्लंडातला उन्हाळी धो-धो पाऊस परसात नीट कसा मोजायचा

दर जुलैमध्ये एखाद्या संध्याकाळी लंडनपासून डॉर्सेटपर्यंत कुठेतरी आभाळ फुटतं आणि फोनवर फोटो येऊ लागतात: भरलेली बादली, भरलेली एकचाकी गाडी, भरलेली मुलांची प्लॅस्टिकची टब. खाली मजकूर, ‘आमच्याकडे सहा इंच पाऊस!’ बादलीचं तोंड रुंद असतं, बूड निमुळतं असतं, शिवाय आधीच्या आठवड्याचं पाणी तिच्यात किती होतं हे कोणालाच ठाऊक नसतं. अशा फोटोंना मी आता उत्तर देत नाही. ज्यांना खरंच मोजायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

इथला पाऊस रिमझिम असतो, तो काय मोजायचा, असं आपल्याकडून आलेल्या लोकांना वाटतं. वर्षाची बेरीज पाहिली तर लंडनच्या आसपास सहाशे मिमीच्या घरात जाते, म्हणजे कोकणी माणूस हसेल. पण तासाचा हिशेब निराळा आहे. १२ जुलै १९०१ रोजी मेडनहेडला एका तासात ९२ मिमी पडला. १४ ऑगस्ट १९७५ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये अडीच तासांच्या आसपास १७० मिमी पडला. १८ जुलै १९५५ च्या नोंदीत डॉर्सेटमधल्या मार्टिन्सटाउन या गावी २७९ मिमी आहेत. सलग कोणत्याही चोवीस तासांच्या पावसाचा हा ब्रिटनचा विक्रम थेट २००९ पर्यंत टिकला. स्पेनकडून वर सरकणारी गरम हवा, तिच्यावर थंड हवा, आणि जागचा न हलणारा गडगडाटी ढग, एवढं जुळून आलं की पाऊस मुंबईसारखाच पडतो. फक्त तो दोन-चार किलोमीटरच्या पट्ट्यात पडतो. म्हणून तुमच्या परसातलं माप महत्त्वाचं. त्या पट्ट्यात कदाचित तुमचंच एक माप असेल.

१. माप

पाच इंची, म्हणजे १२७ मिमी तोंडाचं, खोल नरसाळ्याचं, आत पाणी साठवणारी बाटली असलेलं तांब्याचं माप घ्या. महाग वाटलं तर चार इंची प्लॅस्टिकचं घ्या, ज्यात आत २५ मिमी पाऊस मावणारी बारीक नळी आणि बाहेर ओसंडलेलं पाणी धरणारं मोठं भांडं असतं. बागेच्या दुकानातलं कुंपणाला ठोकायचं पाचरीच्या आकाराचं खेळणं घेऊ नका. त्याच्या वरच्या खुणा इतक्या दाट असतात की मोठ्या पावसातच ते कुचकामी ठरतं.

२. जागा

गवतावर, सपाट, तोंडाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच. फरशीवर ठेवलं तर जोराच्या सरीत फरशीवरून उडालेले थेंब आत जातात. घर, झाड, कुंपण यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर ठेवा. एकाला एक चिकटलेल्या घरांच्या परसात हे जमत नाही, मलाही जमत नाही. जमेल तितकं मोकळं ठेवा आणि कशापासून किती अंतर आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

३. वेळ आणि तारीख

इथला पावसाचा दिवस ग्रीनिच वेळेनुसार सकाळी नऊला सुरू होतो. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं, म्हणून मोजायला दहाला जायचं, नऊला नाही. मोजलेला पाऊस आदल्या दिवसाच्या तारखेवर लिहायचा.

आपल्याकडून आलेल्यांची गाडी इथेच रुळावरून घसरते. भारतात सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस त्याच दिवसाच्या तारखेवर चढतो. सांताक्रूझचे ते ९४४ मिमी आपण सगळे २६ जुलै २००५ चे म्हणतो, पण ते २७ तारखेच्या साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचे आहेत आणि भारतीय पद्धतीने २७ वर लिहिले जातात. इंग्लंडात ते २६ वर लिहिले असते. दोन्ही पद्धती चालतात, मात्र एका वहीत एकच.

गंमत म्हणजे दोन्हीकडचं भांडं एकाच घराण्यातलं. आपल्याकडच्या तहसील कचेरीच्या आवारातलं ते ‘सायमन्स पर्जन्यमापक’ ज्याच्या नावाचं आहे, त्या जॉर्ज जेम्स सायमन्सने १८६० मध्ये इंग्लंडात हौशी निरीक्षकांचं जाळं विणायला घेतलं. पाद्री, डॉक्टर, बंगल्यांचे माळी असे लोक त्याला आकडे पाठवत. १९०० मध्ये तो गेला तेव्हा त्यांची संख्या तीन हजारांच्या वर होती.

४. वादळाचं माप: सगळं अडतं ते इथे

रोजचा पाऊस मोजणं म्हणजे दहाला जाऊन आकडा वाचणं. त्याला लेखाची गरज नाही. खरी परीक्षा दुपारी चारला वीज कडाडते तेव्हा. दुसऱ्या दिवशी दहाला तुमच्या हाती एक बेरीज येईल, पण त्यात वादळाचे चाळीस मिनिटांतले ३८ मिमी आणि रात्रीच्या भुरभुरीचे ३ मिमी एकत्र झालेले असतील. पूर का आला हे शोधणाऱ्याला ती बेरीज जवळपास निरुपयोगी. त्याला हवं असतं किती पडला आणि किती वेळात पडला. हे दोन्ही मिळवताना दिवसाचा हिशेब बिघडू द्यायचा नाही, आणि हेच जमायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पहिली गोष्ट, बाहेर जाऊ नका. खिडकीत वही आणि घड्याळ घेऊन बसा. पहिला थेंब कधी, झोड कधी लागली, ओसरली कधी, थांबला कधी, या चार वेळा लिहा. गारा पडल्या तर त्यांची वेळ आणि आकार. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत तांब्याचं भांडं हातात धरायला गवतावर जायचं नाही. ‘पटकन बघून येतो’ म्हणणारे मला भेटतात. त्यांचा आकडा मला नको.

मग माप काढा. त्या अर्ध्या तासात नरसाळं निथळलेलं असतंच. आतली बाटली उचलून घरात आणा आणि तिच्या जागी लगेच दुसरी कोरडी बाटली ठेवा. ही जादा बाटली आधीच घेऊन ठेवलेली असली पाहिजे. चहा झाल्यावर दुसरी सर येते, तेव्हा बाटली स्वयंपाकघरात असून उपयोग नाही.

आता बाटलीतून ओसंडून बाहेरच्या भांड्यात गेलेलं पाणी विसरू नका. मोठ्या पावसात अर्धी नोंद तिथेच असते, आणि नवखा माणूस बाटलीतलं मोजून खूश होतो. दोन्ही पाणी एकत्र करा.

काचेचं मोजपात्र बहुधा १० मिमीचं असतं. साठ मिमी पाऊस म्हणजे ते सहा वेळा भरायचं. पाचवं की सहावं, हा घोळ झाला की संपलं. त्या नोंदीला मग किंमत नाही. म्हणून प्रत्येक भरणीला कागदावर आकडा लिहा: १०, १०, १०, ८.४. मनात मोजू नका. मोजपात्र सपाट ठेवून डोळा पाण्याच्या पातळीवर आणा आणि पाण्याच्या वळलेल्या पृष्ठभागाची खालची कड वाचा. एक दशांशापर्यंत.

आणि मोजलेलं पाणी मोरीत ओतू नका. स्वच्छ बरणीत साठवा. ते पुन्हा बाटलीत ओतून मापात ठेवावं, असं सांगणारे लोक आहेत. मला ते अजिबात पटत नाही. दर ओतण्याला काही थेंब भांड्याला चिकटून जातात, आणि रात्री दुसरं वादळ आलं तर भरलेली बाटली लगेच ओसंडते. पाणी बरणीत, झाकण लावलेलं, वर चिकटपट्टीवर तारीख आणि वेळ. दुसऱ्या दिवशी दहाला नव्या बाटलीतलं मोजा आणि दोन आकड्यांची बेरीज करा. वहीत तिन्ही लिहा: वादळाचा, नंतरचा, दिवसाचा.

बरणी ठेवायचं खरं कारण पडताळा. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, रिकाम्या बरणीचं वजन आधीच करून ठेवा, मग पाण्यासकट करा. नरसाळ्याच्या तोंडाची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करून ३.१४ ने गुणा आणि दहाने भागा. एक मिमी पावसाला किती ग्रॅम पाणी, ते कळतं. पाच इंची मापाला ते १२.६७ ग्रॅम येतं. म्हणजे एक किलो पाणी भरलं तर साधारण ७९ मिमी पाऊस. चार इंचीला मिमीमागे ८.१ ग्रॅम. पण छापील व्यासावर विसंबू नका, आपलं नरसाळं पट्टीने मोजा. काट्याचा आणि काचेचा आकडा अर्ध्या मिमीच्या आत जुळला तर निवांत झोपा. बरोबर दहाचा फरक आला, तर भरणी मोजताना चुकलात.

गारांबद्दल: नरसाळ्यात साठलेल्या गारा वितळण्याची वाट बघत बसू नका. मोजपात्राने मोजून कोमट पाणी घाला, वितळवा, सगळं मोजा आणि घातलेलं वजा करा. ‘गारा’ हा शब्द नोंदीशेजारी हवाच, कारण काही गारा कडेवरून उडून बाहेर गेलेल्या असतात आणि खरा पाऊस तुमच्या आकड्यापेक्षा थोडा जास्तच असतो.

पाऊस चालू असताना सकाळचे दहा वाजले तर? इंग्लिश खाडीवरून येणारी वादळं पहाटे-सकाळीही येतात, म्हणून हे घडतं. वीज नसेल तर छत्री घेऊन जा, बाटली बदला, आत येऊन मोजा. दहाच्या आधीचं कालचं, नंतरचं आजचं. वीज असेल तर थांबा आणि ‘११.१० ला मोजला’ असं लिहा. उशीर चालतो, लपवलेला उशीर चालत नाही.

शेवटचं, आणि यावर मी भांडायला तयार आहे: आलेला आकडा ‘दुरुस्त’ करू नका. तुमच्याकडे ५५ आणि दोन किलोमीटरवरच्या मित्राकडे ४, हे उन्हाळ्यात सहज होतं. सांताक्रूझला ९४४ मिमी पडला त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिमी होता. शेजाऱ्याशी जुळावा म्हणून आकडा खाली आणणं म्हणजे नोंद खोटी करणं. उलट शंका घ्यायची तर मापाची घ्या: शेजाऱ्याचा पाण्याचा फवारा पोचतो का, कोणी पाइपने झाडांना पाणी घातलं का, माप कलंडलं होतं का. हे सगळं तपासून आकडा टिकला, तर मापाचा आणि मोजपात्राचा फोटो काढा, शेजारच्या काकूंना बोलावून बरणी दाखवा आणि पाणी आठवडाभर ठेवा. विक्रमी आकड्याला साक्षीदार लागतो.

इथेच बादलीला एक सवलत. भिंती सरळ उभ्या, तोंड आणि बूड सारखं, उघड्यावर ठेवलेलं आणि पावसाआधी रिकामं असल्याची खात्री असलेलं भांडं असेल, तर पट्टीने खोली मोजून ठेवा. माप नसलेल्या गल्लीत तेही कामाला येतं. निमुळती बादली तरीही नको.

५. इलेक्ट्रॉनिक हवामान केंद्र

असेल तर उत्तम, पण वेळेसाठी. आतली छोटी डोलती बादली दर ०.२ मिमीला कलंडते. तासाला १०० मिमीच्या झोडीत ती सुमारे सात सेकंदांना एकदा कलंडते, कलंडताना थोडं पाणी निसटतं आणि बेरीज कमी भरते. किती पडला हे भांड्याला विचारा, कधी पडला हे यंत्राला. भांड्यात ४० आणि यंत्रात ३६ आले, तर यंत्राचे टप्पे त्या प्रमाणात वाढवा आणि तसं केल्याचं लिहा. जाळीवरचं कोळ्याचं जाळं आणि चिमणीची शीट दर आठवड्याला काढा.

६. वही

कागदी वही ठेवा. २०२० मध्ये टाळेबंदीत रेडिंग विद्यापीठाच्या एका प्रकल्पात सोळा हजारांवर स्वयंसेवकांनी जुन्या पावसाच्या पासष्ट हजार हस्तलिखित पानांवरचे पन्नास लाखांहून जास्त आकडे संगणकात उतरवले. ती पानं टिकली होती म्हणून ते झालं. माप कुठे होतं आणि किती उंचीवर होतं, हेही त्यांवर लिहिलेलं होतं. तुम्हीही माप हलवलंत तर ती तारीख लिहा.

पाऊस पडला पण ०.०५ मिमीपेक्षा कमी, तर ‘अल्प’ लिहा, शून्य नाही. गावाला गेलात तर रकाना रिकामा ठेवा, तिथेही शून्य नाही. परत आल्यावर साठलेला पाऊस एकाच दिवसावर चढवू नका. ‘इतक्या तारखेपासून इतक्या तारखेपर्यंत’ असा एकत्र लिहा.

आकडे पाठवायचे तर १९७० पासून चालू असलेली क्लायमेटॉलॉजिकल ऑब्झर्व्हर्स लिंक ही हौशी निरीक्षकांची संघटना चांगली. महिन्याची बेरीज करताना तारखेचा नियम पुन्हा आठवा: जुलैचा शेवटचा आकडा १ ऑगस्टला सकाळी दहाला हाती येतो. ३१ तारखेलाच बेरीज करून पाठवलीत, तर ३१ जुलैच्या रात्रीचं वादळ तुमच्या जुलैत नसेल.