हत्तीरोगाचा पाय रोज असा धुवा

मी नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यात आरोग्यसेविका आहे. हत्तीरोगाच्या पेशंटची सूज मी नंतर बघते, आधी बोटांच्या बेचक्या बघते. तिथली कातडी पांढरी, ओलसर, चिरलेली असली की थंडीताप फार लांब नसतो.

क्युलेक्स डासातून आलेले हत्तीरोगाचे जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे लसिका हा अंगातला पाण्यासारखा रस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, ५ ते ७ वर्षं जगतात. जिवंत जंत आपल्या संरक्षक पेशींना थंड ठेवतो, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. तो मेला की न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, मॅक्रोफेज या पेशी तिकडे धावतात, वाहिनी सुजते, लसिकेचा प्रवाह मंदावतो. मग बेचकीतून जीवाणू शिरले, तर ती खबर जांघेतल्या गाठीपर्यंत नेणाऱ्या डेंड्रिटिक पेशींची वाटच तुंबलेली असते. जीवाणूंना सवड मिळते. पाय लालबुंद होतो, जांघेत अवधाण म्हणजे दुखरी गाठ उठते, हुडहुडी भरते. असा प्रत्येक झटका पाय आणखी जाड करून जातो. त्यामुळे पाय धुणं हेच यातलं मोठं औषध आहे, असं मी ठामपणे सांगते.

पाणी साधं घ्या, कढत नको. अंगाचा साबण हातावर फेसून लावा. घासणी, दगड लावू नका. कातडीच्या घड्या उघडून आत बोट फिरवा. फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी ओता. खरं काम पुढे आहे. जुन्या सुती लुगड्याची मऊ चिंधी बोटांच्या मधून हलकेच ओढा, चोळू नका. चिंधी कोरडी निघेपर्यंत प्रत्येक बेचकी अशी टिपा. चीर दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेलं बुरशीचं मलम लावा. काळ्या रानातून चिखल तुडवून आलात तर संध्याकाळी पुन्हा धुवा.

निजताना बाजेच्या पायथ्याखाली विटा ठेवा. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. दिवसा टाचा वर-खाली करा. चप्पल ढिली, मऊ पट्ट्याची असावी.

ताप आला तर व्यायाम बंद. गार पाण्याची घडी ठेवा, भरपूर पाणी प्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेकू नका, ब्लेड लावू नका.

घरातल्या बाकीच्यांनी हत्तीरोगाच्या सरकारी मोहिमेतल्या गोळ्या जेवून, आमच्यासमोर घ्याव्यात. गरोदर बाई, २ वर्षांखालचं लेकरू आणि फार आजारी माणूस यांना त्या देत नाहीत. गोळीनंतर अंग दुखलं, कणकण आली, तर बहुतेकदा रक्तातली जंतांची पिल्लं मरत असतात आणि पेशी त्यांच्यावर तुटून पडलेल्या असतात. एक-दोन दिवसांत उतरतं. नाही उतरलं तर आम्हाला बोलवा.