पवित्र शास्त्रात खुणा आणि टिपणे कशी करावीत

पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, पाने बहुधा इतकी पातळ असतात की साध्या जेल पेनाची शाई मागच्या बाजूस उमटते. म्हणून आधी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन आणि रंग यांची चाचणी घ्यावी. माझ्या मते रंगीत पेन्सिल आणि लहान पट्टी यांच्याइतके भरवशाचे साधन दुसरे नाही.

खूण करण्यापूर्वी निवडलेले पुस्तक एकदा सलग वाचावे. आरंभासाठी नव्या करारातील, प्रेषित पौलाने लिहिलेले फिलिप्पैकरांस पत्र उत्तम, कारण ते केवळ 4 अध्यायांचे आहे. दुसऱ्या वाचनात आनंदाचा प्रत्येक उल्लेख एका रंगाने अधोरेखित करावा आणि पौलाच्या बंधनांचे उल्लेख, उदाहरणार्थ 1:7 (अध्याय 1, वचन 7) आणि 1:13, दुसऱ्या रंगाने दाखवावेत, म्हणजे हा आनंद बंदिवासातून लिहिणाऱ्या माणसाचा आहे हे पानावरच दिसू लागते. रंग तीन-चारच असावेत आणि त्यांचे अर्थ मुखपृष्ठाच्या आतील बाजूस लिहून ठेवावेत. सगळेच रंगवले तर काहीच उठून दिसत नाही.

समासातील संदर्भ दोन्ही ठिकाणी नोंदवावा. उदाहरणार्थ, मार्कच्या शुभवर्तमानात जुन्या करारातील (बायबलच्या पहिल्या भागातील) वचने उद्धृत आहेत; मार्क 1:2 शेजारी मलाखी 3:1 आणि मार्क 1:3 शेजारी यशया 40:3 लिहिल्यास, त्या दोन्ही वचनांजवळ मार्कचा संदर्भही अवश्य लिहावा, कारण पुढे जुना करार वाचताना तोच उपयोगी पडतो.

लांबलचक विवेचन वहीत लिहून समासात फक्त वहीचा पृष्ठक्रमांक द्यावा. प्रवचनात ऐकलेल्या मुद्द्यापुढे तारीख घालावी, आणि स्वतःला पडलेला प्रश्न पेन्सिलीनेच लिहावा, म्हणजे उत्तर सापडल्यावर तो खोडता येतो.