सफाई कामगारांवरील छायाचित्र-प्रदर्शन कसे उभारावे

सफाई कामगार, ऊसतोड मजूर किंवा हक्कांसाठी निघालेले मोर्चे यांची छायाचित्रे पुरेशी जमली, की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न कलादालनाचा येतो. त्याआधी सोडवायचा प्रश्न वेगळा आहे: ज्यांचे चेहरे भिंतीवर लागणार आहेत, त्यांना हे मान्य आहे का? छायाचित्र काढू देणे ही एक परवानगी झाली आणि ते चारचौघांत टांगू देणे ही दुसरी. म्हणून निवडलेल्या प्रत्येक छायाचित्राची छोटी प्रत घेऊन त्या व्यक्तीकडे पुन्हा जावे, प्रदर्शन कुठे लागेल, वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर काय जाईल हे तिच्या बोलीत समजावून सांगावे आणि छपाईला देईपर्यंत नकार देण्याची मोकळीक ठेवावी. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण हातमोज्यांशिवाय काम करतानाचे त्याचे छायाचित्र मुकादमाने पाहिले, तर दुसऱ्या दिवशी काम जाते ते त्याचे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 ने मनाई आहे आणि पीडित बालकांना पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे कलम 23 संरक्षण देते. अशा वेळी चेहरा झाकून भागत नाही. घर, गल्ली, शाळेचा गणवेश यांवरूनही माणूस ओळखू येतो.

निवड करताना एकाच प्रकारच्या छायाचित्रांचा ढीग टाळावा. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरील छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचे कृष्णधवल काम या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. ते कचऱ्यापाशी थांबत नाही, कामगाराच्या घरापर्यंत जाते. केवळ घाण आणि दैन्य दाखवणारी वीस छायाचित्रे पाहून प्रेक्षक हळहळतो आणि निघून जातो. युनियनची बैठक, पगाराची पावती, मुलीचा अभ्यास यांना जागा दिली, की समोर हक्क मागणारा माणूस उभा राहतो. पंचवीस-तीस छायाचित्रे पुष्कळ झाली.

सर्वाधिक वेळ ओळींवर, म्हणजे छायाचित्राखालच्या मजकुरावर, खर्च करावा. मॅनहोलमधून वर येणाऱ्या कामगाराखाली ‘नरकयातना’ असे लिहिणे सोपे आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. त्याची परवानगी असल्यास नाव, ठिकाण, महिना व वर्ष, तो कायम आहे की कंत्राटी, सुरक्षा साधने मिळाली होती का आणि काम कोणी सांगितले, एवढे साध्या वाक्यांत लिहावे. शेजारी कायद्याचा एक स्वतंत्र फलक हवा. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने बंदी घातली. गटारात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ही रक्कम तीस लाख केली. या तारखा वाचून पुन्हा छायाचित्राकडे पाहणाऱ्याला ते कामगाराच्या नशिबाचे चित्र वाटत नाही. कायदा मोडल्याचा पुरावा त्याला दिसू लागतो. मजकूर आधी मराठीत लिहावा आणि तो कामगारांना वाचून दाखवावा. ‘बिचारा’, ‘अभागी’ असे शब्द तेच खोडायला सांगतील.

मांडणीचे तंत्र थोडक्यात सांगता येते. 12 बाय 18 इंचाच्या चांगल्या छपाईसाठी 3600 बाय 5400 पिक्सेलची फाइल लागते. काचेवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते, म्हणून मॅट, म्हणजे न चकाकणारी, छपाई सनबोर्ड या हलक्या फोमच्या फलकावर चिकटवावी; ती हलकी असते आणि फिरत्या प्रदर्शनात फुटण्याची भीती राहत नाही. कलादालनात छायाचित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर ठेवतात. वस्तीत मुले आणि बसून पाहणारी वयस्कर मंडळी असतात, तिथे तो खाली घ्यावा.

पहिले प्रदर्शन वस्तीतच लावावे, असा माझा आग्रह आहे. समाजमंदिर, बुद्धविहार, वाचनालय किंवा युनियनचे कार्यालय चालते. वेळ मात्र कामगारांच्या पाळीनुसार असावी: पहाटे कामाला जाणाऱ्यांना दुपारनंतर सवड मिळते, आणि ‘सकाळी अकरा ते सात’ अशी कलादालनाची वेळ इथे जशीच्या तशी लावण्यात अर्थ नाही. वस्तीतल्या प्रदर्शनात चुका निघतात, नावे दुरुस्त होतात, एखादे छायाचित्र भिंतीवरून उतरवायलाही सांगितले जाते. ते मुकाट्याने उतरवावे. शहरातील दालनाची तारीख यानंतरच घ्यावी आणि तिथल्या उद्घाटनाला कामगारांना बोलण्यासाठी बोलवावे, त्यांचा त्या दिवसाचा बुडालेला रोज आणि प्रवासखर्च अंदाजपत्रकात आधीच धरून. प्रदर्शन संपल्यावर संपूर्ण संच युनियनकडे सोपवावा, म्हणजे पुढच्या मोर्चात किंवा सुनावणीच्या वेळी तो त्यांच्या हाताशी राहील.